बंबामागची तुंगा

अवरेच्या शेंगा दिसायच्या आधी त्यांचा वास येतो. मार्गशीर्ष लागला, चामराजपेटेत सकाळचं धुकं उतरायला लागलं, की रस्त्याच्या कडेला पोती अंथरून हिरवे ढीग लागतात आणि सगळ्या पेटेला एक तेलकट, रानवट वास सुटतो. इथे त्याला सोगडु म्हणतात. शेंग हातात घेतली की तो बोटांना चिकटतो, साबणाने जात नाही, आणि जाऊ नये असंच सगळ्यांना वाटतं. ईशा आणि निखिल, तुमच्यासाठी सांगायचं तर अवरे म्हणजे आपल्या पावट्याची इथली बहीण. पावटा म्हणजे काय, ते बाबाला विचारा.

परवा तो वास खिडकीतून आत आला आणि त्याच दिवशी तुमचा फोन आला. तुम्ही घरी आणलेली मोठी कुत्री कपडे धुण्याच्या यंत्रामागे जाऊन बसली आहे, बोलावलं की आणखी आत सरकते, आणि शनिवार-रविवारपर्यंत बाहेर आली नाही तर तिला परत द्यायचं का, यावर घरात वाद चालला आहे. ईशा म्हणाली, "आजी, शी हेट्स अस." मी म्हटलं, "नाही गं." फोन ठेवला आणि खुर्चीत बसले, तर पाठीला गारवा जाणवला. वरच्या झरोक्यातून ऊन पडलेला आमचा जुना बोळ आणि माझ्या पाठीमागे चाललेला कुणाचा तरी श्वास, हेच मला आठवत राहिलं.

ते नव्वदीचं दशक होतं. तुमचा बाबा नुकताच शिकायला परदेशी गेला होता. घरात मी, तुमचे आजोबा आणि त्यांची थोरली बहीण, जिला सगळी पेट अक्का म्हणायची. आपलं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि माझ्या बाबतीत शाळेत इंग्रजी, कारण मी तेच शिकले होते आणि तेच शिकवत होते. आजोबांची नोकरी फिरतीची. महिन्यातले निम्मे दिवस ते हासन-मंगळूरकडे. मागच्या गल्लीत चोरी झाली तेव्हा ते घरी नव्हते. चोर कौलं काढून उतरला होता. आमच्या बंबाच्या खोलीवर तशीच कौलं होती. त्यानंतर मांजर जरी कौलावरून गेलं तरी अक्का आणि मी एकमेकींकडे बघायचो.

आजोबा परत आले आणि म्हणाले, "कुत्रं आणू."

मला कुत्र्यांची भीती वाटायची. लहानपणी पिंडरीला चावलं होतं आणि तेव्हा पोटात घ्यायची ती इंजेक्शनं मी घेतली होती. अजूनही कुणी "बेंबीच्या बाजूला" असं म्हटलं तर माझा हात पदराखाली जातो. पण चोराची भीती मोठी होती. एक भीती घालवायला दुसरी घरात आणायची, असा तो हिशोब. आम्ही प्रेमा डॉक्टरांकडे गेलो. त्या जनावरांच्या डॉक्टर. दवाखान्यामागच्या अंगणात टाकलेली, सापडलेली कुत्री त्या सांभाळायच्या. बाकीची सगळी जाळीवर उड्या मारत होती. एक राखी रंगाची, पूर्ण वाढलेली कुत्री मात्र भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या मानेभोवती केस नव्हते. गुळगुळीत, गुलाबी, बांगडीसारखं वळं.

"तार," प्रेमा डॉक्टर म्हणाल्या. "गोदामात तारेने बांधलेलं होतं. ती वाढत गेली, तार तेवढीच राहिली. मला काढायला लागली, कातडीतून." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "टीचर, ही राखण करणार नाही. हिचीच राखण करावी लागेल. विचार करा."

आजोबांनी विचार केला नाही. ते त्या वळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हीच."

तुंगा हे नाव अक्काने दिलं. नदीचं नाव ठेवलं म्हणजे अंगात शांतपणा येतो, असं तिचं म्हणणं. मग घरात नवीन माणूस येताना जे करतात ते सगळं तिने साग्रसंगीत मांडलं. उंबऱ्यावर रांगोळी, तबकात कुंकवाचं लाल पाणी, भाकरीचा तुकडा. आम्ही रिक्षातून उतरलो. तुंगाला दोरी नव्हती, कारण मानेला काही लावून घेत नव्हती. आजोबांनी तिला चादरीत गुंडाळून उचलून आणलं आणि उंबऱ्यापाशी खाली ठेवलं. अक्का पुढे झाली. "ये गं बाई, लक्ष्मीच्या पावलांनी ये," म्हणत तिने तबक ओवाळलं, भाकरतुकडा डोक्यावरून फिरवला, आणि कुंकवाचं बोट कपाळाकडे नेलं.

आम्हां कुणाच्याच मनात आलं नाही की, जिने आजवर वरून खाली येणारा हात फक्त मारायलाच येताना पाहिला, तिला ओवाळणं कसं दिसेल. तुंगा ओरडली नाही, भुंकली नाही. तिने उभ्याउभ्या रांगोळीवर लघवी केली, अक्काच्या पायांमधून आत घुसली, माजघर, स्वयंपाकघर, बोळ, आणि शेवटी अंघोळीच्या खोलीत तांब्याच्या मोठ्या बंबामागे जी सांद होती तिच्यात जाऊन बसली. लाल पाणी सगळं अक्काच्या लुगड्यावर.

अक्का तशीच उभी. मग म्हणाली, "दत्तू, चोराला भिववायला आणलीस ना रे ही? आता चोर आला तर त्याला सांगू, बाबा, हळू चाल, आत आमची कुत्री घाबरते."

आजोबा हसले. मी नाही हसले. मला तिचे डोळे दिसले होते. पळताना तिने एकदा मागे वळून पाहिलं होतं. माझ्या वर्गात वर्षानुवर्षं भीतीने बघणारी मुलं मी पाहिली होती आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे काही ना काही उपाय असायचा. या नजरेसाठी काहीच नव्हतं.

बंब पेटवता येईना. मागे जिवंत जनावर आणि पुढे लाकडं कशी घालायची? ऐन मार्गशीर्षात घरात गरम पाणी बंद झालं. आम्ही गॅसवर पातेली तापवून मागच्या मोरीत, दोरीवर साडी टाकून, अंघोळी करायला लागलो. आजोबा माकडटोपी घालून मोरीपर्यंत जायचे, टोपी काढायचे, ओरडायचे, आणि परत टोपी घालायचे. अक्का म्हणायची, "माझ्या जन्मात पहिल्यांदा कुत्रं आतल्या न्हाणीघरात आणि माणसं बाहेर."

मला सगळं वेळच्या वेळी लागतं, हे तुमच्या बाबाने तुम्हांला सांगितलंच असेल. डब्यांवर नावं, कपड्यांच्या घड्या, जेवणाच्या वेळा. मी तुंगाचंही तसं बांधून दिलं होतं. सकाळी दूधभात, मग अंगण, मग जवळ बसून बोलणं. त्यातलं काही घडलं नाही. भांडं मी ठेवायची आणि भांडं तसंच राहायचं. सगळे घराबाहेर गेले, पुढचं दार ओढून घेतलं, की परत येईपर्यंत ते रिकामं झालेलं असायचं, आणि मागच्या अंगणातल्या कढीपत्त्यापाशी ती जाऊन आल्याची खूण असायची. ती आमच्यात नव्हती. आमच्या घरात आम्ही नसताना राहत होती.

आणि मी तिला घाबरत होते. बोळातून जाताना माझी पावलं आपोआप जलद व्हायची. ती मला घाबरून आत दबायची, मी तिला घाबरून भिंतीला चिकटायची. चोरासाठी लावलेला कान आता बंबाकडे लागला होता. नखांचा आवाज आला तरी दचकायचं, आणि बराच वेळ नाही आला तर जास्तच. जिवंत आहे ना?

अशात अवरे आली.

आमच्याकडे अवरेचं काम न्हाणीघराच्या दारासमोरच्या बोळातच व्हायचं. तिथे नळ होता, बसायला दगड होता, आणि झरोक्यातून दुपारचं ऊन नेमकं त्या दगडावर पडायचं. माझ्या सासूबाई तिथेच बसायच्या, त्यांच्या सासूबाईही. कुत्री आली म्हणून अवरेची जागा बदलावी, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आधी शेंगा सोलायच्या. अळ्या निघतात, त्या बाजूला काढायच्या. मग दाणे रात्रभर पाण्यात भिजवायचे, आणि दुसऱ्या दिवशी एकेक दाणा अंगठा आणि बोटात धरून चिमटायचा. साल हातात राहते आणि आतली डाळ सुटकन बाहेर उडते. मोठ्या पातेल्याचं चिमटायला बसलं की दुपार जाते आणि हातात वाडगाभर डाळ येते. घाई करून उपयोग नाही. जोरात दाबलं तर दाणा चेचतो, हळू दाबलं तर सुटत नाही. मान खाली, डोळे बोटांवर, तोंड बंद किंवा गप्पा, पण कुणाकडे बघणं नाही.

मी बसले ती बंबाकडे पाठ करून. धाडस म्हणून नव्हे. ऊन तिकडून यायचं म्हणून. पहिले दोन-तीन दिवस माझ्या पाठीवर सारखे काटे येत होते. मागे काहीतरी आहे, त्याला दात आहेत, आणि मला दिसत नाही. एका दुपारी एक दाणा माझ्या बोटांतून निसटला, फरशीवर उडत बंबामागे गेला. हात घालून काढायची माझी छाती नव्हती. मी पुढचा दाणा घेतला. थोड्या वेळाने माझ्या पावलाला काहीतरी लागलं. तोच दाणा. चाटलेला, ओला, आणि खायला नको म्हणून नाकाने ढकलून परत पाठवलेला.

मी वळले नाही. वळायची भीती वाटली हे एक कारण, आणि वळले तर हे संपेल ही दुसरी भीती. त्या दुपारपासून मला दोन प्रकारची भीती वाटायला लागली आणि कुठली कधी वर येईल ते कळेना.

मग रोज. मी बसायची, चिमटायची, आणि मागे नखं एक फरशी पुढे यायची. मी खोकले की मागे जायची. अक्का बोळाच्या त्या टोकाला भिंतीला टेकून बसून शेंगा सोलायची आणि मला डोळ्यांनी सांगायची, आली, थांबली, गेली. तोंडाने मात्र ती शेजारच्या लग्नाबद्दल बोलत असायची, एकाच सुरात, कारण सूर बदलला की तुंगा मागे सरकते हे तिच्याच लक्षात आलं होतं. एकदा मुलीच्या सासरच्या दुष्टपणाची गोष्ट तिने देवाची पोथी वाचावी तशा आवाजात सांगितली. मला हसू आवरेना आणि हसता येईना. त्याच दुपारी माझ्या कोपराला पहिल्यांदा श्वास लागला, ऊबदार आणि अवरेच्या वासाचा. माझ्या हातातला दाणा चेचला गेला.

हे सगळं असंच सावकाश चाललं असतं तर मी आज लिहायला बसले नसते. पलीकडच्या रस्त्यावर एका शाळकरी मुलीला भटकं कुत्रं चावलं. जखम खोल होती. त्या मुलीची आई आमच्या दारावरून रडत गेली ते मी पाहिलं. माझा हात पदराखाली गेला. म्हणून पेटेतल्या लोकांनी तक्रार केली आणि कुत्री धरणारी गाडी येऊ लागली, तेव्हा मला कुणावर रागावता येईना. जाळीची गाडी, आणि टोकाला फास असलेले लांब दांडे घेतलेली माणसं. फास तारेचा.

नियम सरळ होता. गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला बिल्ला असेल तर ते घरचं कुत्रं. नसेल तर गाडीत. गाडीत गेलेलं कुत्रं परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आजोबांनी वॉर्डाच्या ऑफिसात जाऊन पितळी बिल्ला आणला, मऊ चामड्याचा पट्टा घेतला, आणि तो बोळातल्या खिळ्याला अडकवला. अख्ख्या पेटेत ज्या एका कुत्रीला मानेला काही लावून घेणं शक्य नव्हतं, तिचं जगणं आता मानेला काही लावून घेण्यावर आलं होतं.

"घरातच तर असते," आजोबा म्हणाले. पण ती आता घरातच नसायची. सकाळी आमच्या देखत पुढच्या अंगणात यायला लागली होती. तुळशीपाशी उन्हात उभी राहायची. तिचं ते उन्हात येणं मी किती वाट बघून मिळवलं होतं, आणि आता तीच गोष्ट बघताना माझं लक्ष गेटकडे असायचं. आमचं कुंपण कमरेएवढं. गेटची कडी सैल. आजोबांनी गेटला सुतळी बांधली. गल्लीच्या टोकाला कुठलीही गाडी कण्हली की मी खिडकीत.

एका रविवारी आजोबांना राहवेना. "आज घालूनच टाकू. मिनिटभर रडेल, मग सुटली." ते पट्टा घेऊन अंगणात गेले. हळू गेले, गोड बोलत गेले. तुंगाने त्यांचा हात पाहिला, हातातलं वळं पाहिलं. ती पळाली नाही. पाय पोटाशी घेऊन जमिनीला चिकटली, डोळे पांढरे झाले, आणि तिच्याखालची माती ओली होत गेली. आजोबा तसेच थांबले. मग पट्टा खिशात घालून पायरीवर तिच्याकडे पाठ करून बसले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "अगं, मी नाही तिला ते दिलं ना? तार मी नाही ना बांधली? मग माझ्याकडे का असं बघते?" चहा गार झाला.

प्रेमा डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "जबरदस्ती बेडा, टीचर. नको म्हणजे नको. एकदा धरून घातलात तर पट्टा राहील, कुत्री राहणार नाही."

"आणि गाडी आली तर?"

"देवर इद्दाने," त्या म्हणाल्या. देव आहे. डॉक्टर माणूस देवाचं नाव घ्यायला लागलं, तेव्हा मी फोन ठेवून दिला.

मी पट्टा अवरेच्या पातेल्यात ठेवायला लागले. म्हणजे सालांच्या. दिवसभर सालांत राहून त्याला तो वास लागला. दुपारी चिमटताना तो मांडीवर ठेवायची. तुंगा कोपरापर्यंत यायची, पट्ट्याकडे बघायची, मागे जायची. परत यायची. एकदा तिने त्याला नाक लावलं. अक्काने भिंतीपाशी डोळे मिटून हात जोडले. पण नाक लावणं आणि मान देणं यांत केवढं अंतर आहे ते मला दिसत होतं, आणि संक्रांत जवळ येत होती, आणि गाडी एक दिवसाआड पेटेत फिरत होती. दुपार संपताना रोज वाटायचं, उद्याची मिळेल ना?

आणि मग ती सकाळ. गॅसचा माणूस सिलिंडर घेऊन आला. त्याने गेटची सुतळी सोडली, सिलिंडर खांद्यावरून उतरवला, आणि तो अंगणातल्या शहाबादीवर आदळला. खण्ण! तुंगा तुळशीपाशी होती. तिच्या आणि घराच्या मध्ये तो माणूस. ती उघड्या गेटमधून बाहेर गेली.

मी सालांच्या पातेल्यातला पट्टा ओढला आणि अनवाणी धावले. माझ्या वयाची, माझ्या शाळेतली बाई चामराजपेटेच्या रस्त्यातून पदर सोडून धावते आहे, याची मला तेव्हा लाज वाटली नाही. नंतर बरीच वाटली. कोपऱ्यावर मुनियम्माची अवरेची हातगाडी असायची. तुंगा त्या गाडीखाली, चाकाला लागून, पार आत. आणि रस्त्याच्या पलीकडे जाळीची गाडी उभी होती. आत दोन-तीन कुत्री. एक माणूस दांडा घेऊन उतरलाच होता.

"बेल्ट एल्ली अम्मा?" त्याने विचारलं. पट्टा कुठे आहे?

मी हातातला पट्टा वर केला. बिल्ला दाखवला. तो म्हणाला, "कैयल्लि अल्ला, कत्तिनल्लि इरबेकु." हातात नाही, गळ्यात पाहिजे. वाईट माणूस नव्हता तो. दमलेला होता, आणि काही आठवड्यांपूर्वीच त्या मुलीला कुत्रं चावलं होतं, आणि हातगाडीखाली एक भेदरलेली मोठी कुत्री दात दाखवत होती. हो, दात दाखवत होती. मी पहिल्यांदाच ते पाहिले.

"स्वल्प निल्ली," मी म्हटलं. थोडं थांबा.

"एष्टु होत्तु?" किती वेळ?

ते मला कसं माहीत असणार! मी त्या क्षणी तिला बोलावू शकले असते, हात घालू शकले असते. सगळं अंग तेच करा म्हणत होतं. दांड्याची सावली रस्त्यावर हलत होती. मी मुनियम्माच्या गाडीपाशी, धुळीत, तुंगाकडे पाठ करून बसले. गाडीवरून मूठभर शेंगा ओढल्या, पट्टा मांडीवर ठेवला आणि सोलायला लागले. दाणे रस्त्यावर सांडत होते.

"अय्यो, टीचरम्मा!" मुनियम्मा वरून म्हणाली. "सोललेली पाहिजे होती तर मला सांगायचं, रस्त्यावर काय बसता!" लोक हसले. दांड्यावाला हसला नाही. गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि माझ्या मागे चाकाशी काहीतरी धडपडलं.

तेवढ्यात माझ्या समोर निळं लुगडं आलं. अक्का. गुडघ्यांवर हात ठेवत ती रस्त्यात माझ्यासमोर बसली, पदरात शेंगा घेतल्या आणि शेजारच्या लग्नाची गोष्ट, पोथीच्या आवाजात, जिथे राहिली होती तिथून सुरू केली. "तर मग काय झालं सुमन, मुलीची सासू म्हणाली, आमच्याकडे अवरेला मीठ कमी लागतं..." तिचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मी फक्त तिचे डोळे बघत होते. अजून नाही. अजून नाही. डोळे थांबले.

माझ्या कोपराला श्वास लागला.

मी शेंग सोलत राहिले. श्वास कोपरावरून मनगटावर आला. मग राखी डोकं माझ्या बाजूने पुढे आलं, सगळं थरथरतं, आणि मांडीवरच्या पट्ट्यावर हनुवटी टेकली. इतके दिवस मी तिला हात लावला नव्हता. मी तळहात खालून, हनुवटीखालून, त्या गुळगुळीत वळ्यावर ठेवला. तिथली कातडी फार पातळ होती. आतला ठोका माझ्या हाताला लागत होता, आणि तो तिचा होता की माझा ते मला कळलं नाही. दुसऱ्या हाताने पट्टा खालून वर घेतला. मी तिच्याकडे बघितलं नाही. दांड्यावाल्याच्या पायांतल्या रबरी चपलेकडे बघत मी बक्कल शोधलं. पहिल्यांदा चुकलं. अक्काचा आवाज तसाच चालू होता, पण ती आता काय बोलत होती त्याला काही अर्थ नव्हता, नुसते शब्द होते. दुसऱ्यांदा बसलं. फार सैल बसलं.

"सरी," दांड्यावाला म्हणाला. ठीक आहे. दांडा खांद्यावर टाकून तो रस्ता ओलांडून गेला. गाडी सुरू झाली. त्या आवाजाने तुंगा उभी राहिली, गळ्यातला बिल्ला वाजला, त्याला दचकून ती एक उडी मागे गेली, आणि मग भिंतीच्या कडेकडेने, पोट खाली घालून, घराकडे चालायला लागली. अक्का आणि मुनियम्माने मला काखेत हात घालून उठवलं. अक्का म्हणाली, "रड आता. आता चालेल." मग तीच रडली.

गाडीतल्या बाकीच्या कुत्र्यांबद्दल मी नंतर पुष्कळदा विचार केला. त्यांच्यासाठी कुणी रस्त्यात बसलं नव्हतं. त्याचं काय करायचं, हे मला आजही माहीत नाही.

तुंगा आमच्याकडे पुष्कळ वर्षं राहिली. तुमच्या बाबाने तिला पाहिलं आहे. ती त्याच्याशी कधी खेळली नाही म्हणून त्याला ती फारशी आठवत नसेल. ती कुणाशीच खेळली नाही. शेपूट हलवत दारापर्यंत कधी आली नाही, कुणाचं तोंड चाटलं नाही. चोर आलाच असता तर ती आधी बंबामागे गेली असती. मला उगाच गोड काही सांगायचं नाही: तिची भीती गेली नाही. वरून हात आला की ती शेवटपर्यंत दबली, दिवाळीचे दिवस बंबामागेच काढले, आणि त्या दिवसांत आम्ही पुन्हा मागच्या मोरीत अंघोळी केल्या. माझीही गेली नाही. अनोळखी कुत्रं दिसलं की मी अजून रस्ता बदलते.

पण दर शनिवारी तिला धुवायचं असायचं आणि त्यासाठी पट्टा काढावा लागायचा, मग परत घालावा लागायचा. मी बोळातल्या दगडावर बसायची. ती यायची, कुणी न बोलावता. माझ्या हातातलं ते वळं बघायची आणि तिचे पाय कापायला लागायचे. मी थांबायची. मग ती डोळे घट्ट मिटून घ्यायची, तशीच कापत राहायची, आणि मान पुढे करायची.